आधी आडोसा, मग फासा

मा. संपादक महोदय,
स. न.

आपल्या पुरवणीत टेबलटॉप रोलप्लेइंग (टेबलाभोवती बसून, पात्रे वठवत फाशांनी खेळायच्या) खेळांची ओळख करून देणारा लेख आला, त्यासोबतच्या चौकटीबद्दल हे पत्र. लेख छान आहे, तक्रार फक्त चौकटीपुरती. तिच्यात म्हटले आहे की 'लपलेल्या पात्राला हल्ल्यावर +२ मिळतात, दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो आणि शत्रूची पहिली पाळी वाया जाते.' हे एक वाक्य तीन ठिकाणांहून वेचून जोडलेले आहे. +२ हा डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या २००८ च्या चौथ्या आवृत्तीचा हिशेब. दोन फासे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतले. पहिली पाळी वाया जाण्याचा नियमही २०१४ च्या पुस्तकात होता, पण २०२४ च्या सुधारित नियमांनी तो काढून टाकला. चौकट कापून टेबलावर ठेवून कोणी खेळायला बसले, तर पहिल्याच चकमकीत हुज्जत ठरलेली.

पुढे जाण्याआधी शब्दाबद्दल एक खुलासा. या खेळांत चोरट्या पावलांनी वावरणाऱ्या पात्राच्या वर्गाला 'रोग' म्हणतात. देवनागरीत तो शब्द वाचला की औषधाची आठवण होते, म्हणून या पत्रात त्याला भामटाच म्हणतो. बाकी स्टेल्थ (दबकून वावरणे), पर्सेप्शन (चाहूल घेणे), ॲडव्हांटेज (फाशावरची सवलत), डीएम (खेळ चालवणारा) हे शब्द खेळणाऱ्यांच्या तोंडी जसे आहेत तसेच ठेवले आहेत. नुसता 'फासा' म्हटले की बहुधा वीस बाजूंचा; पडलेल्या दानात पात्राचा बोनस मिळवून समोरचा आकडा गाठायचा.

लपण्याचे नियम लोकांना अवघड का वाटतात? कारण 'लपला' या एका शब्दात तीन प्रश्न दडलेले असतात. समोरच्याला तो दिसतो का? दिसत नसला तरी तो कुठे आहे हे समोरच्याला कळते का? आणि समोरचा त्या क्षणी गाफील आहे का? या तिघांची उत्तरे एकमेकांवर अवलंबून नाहीत. दाट धुक्यात चिलखत खडखडवत उभा असलेला योद्धा दिसत नाही, पण पटावरच्या कोणत्या घरात उभा आहे हे कानाला कळते. जादूने अदृश्य झालेली चेटकीण ओल्या फरशीवरून चालली, तर पावले तिचा पत्ता सांगतात. उलट, दोन बाजूंनी घेरलेला पहारेकरी दोघांनाही स्पष्ट पाहत असतो, दोघांची जागा त्याला ठाऊक असते, तरी तो अर्धा गाफील, कारण मान एकाच दिशेला वळते. नियमांच्या प्रत्येक पुस्तकाने या तीन प्रश्नांची मोट वेगवेगळी बांधली आहे. एका पुस्तकाची दोरी दुसऱ्याला लावली की गाठ सुटत नाही.

जुन्या पुस्तकांबद्दल थोडक्यात. चोर हा वर्ग १९७५ च्या पुरवणी पुस्तकात आला आणि १९७८ च्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत त्याच्या कौशल्यांचे टक्के पक्के झाले. पहिल्या पातळीच्या चोराला चाहूल न देता चालण्याची संधी १५ टक्के, सावलीत लपण्याची १० टक्के. दोन्ही साधायचे तर शंभरात दीड वेळा! साधले तर पाठीमागच्या वाराला +४ आणि दुप्पट इजा. २००३ च्या साडेतीन आवृत्तीत टक्के गेले, पण दुहेरी अडथळा राहिला. लपणाऱ्याने हाइड आणि मूव्ह सायलेंटली असे दोन फासे टाकायचे आणि पाहणाऱ्याने स्पॉट आणि लिसन असे दोन. दोन्ही बाजू तुल्यबळ असतील तर प्रत्येक झुंज निम्म्या संधीची, दोन्ही जिंकण्याची संधी पाव. खेळाडूला वाटे, आपण एकच गोष्ट करतो आहोत. गणित मात्र त्याला दोनदा अडवी.

चौथ्या आवृत्तीने चारांचे दोन केले, स्टेल्थ आणि पर्सेप्शन, आणि गाफीलपणाला स्वतंत्र नाव दिले: कॉम्बॅट ॲडव्हांटेज. हे त्या आवृत्तीचे खरे शहाणपण. शत्रू घेरलेला असो, भोवंडलेला असो, जमिनीवर पडलेला आणि तुम्ही शेजारी असा, किंवा तुम्ही त्याला दिसतच नसा; कारण कोणतेही असले तरी फळ एकच, हल्ल्यावर +२. कारणे चार जमली म्हणून +८ होत नाहीत. भामट्याचा स्नीक अटॅक (गाफील शत्रूवरचा जादा इजेचा वार) याच अटीवर चालतो आणि पहिल्या दहा पातळ्यांत सहा बाजूंचे २ फासे जास्त देतो, पुढच्या दहांत ३, शेवटच्या दहांत ५.

पण याच आवृत्तीत लपण्याचा नियम पहिल्या छपाईत फसला होता. लपायला कोणताही आडोसा किंवा कोणताही धूसरपणा पुरेसा होता. साध्या झुडपामागे, अंधुक उजेडात, भामटा प्रत्येक पाळीला फासा टाकून गायब होऊ लागला. त्याच वर्षी दुरुस्ती आली आणि २००९ च्या दुसऱ्या खेळाडू-पुस्तकात ती छापली गेली. दुरुस्तीचे मर्म एका भेदात आहे: लपण्यासाठी लागते ते जास्त, लपून राहण्यासाठी लागते ते कमी. लपताना भक्कम आडोसा हवा, पूर्ण धूसरपणा हवा, नाहीतर शत्रूच्या नजरेच्या रेषेबाहेर असायला हवे. एकदा लपलात की साधा आडोसाही चालतो. मात्र दुसऱ्या प्राण्याच्या अंगाआड लपून राहता येत नाही. साथीदाराला भिंत म्हणून वापरायची पळवाट इथे बंद झाली.

हे पटावर कसे चालते ते घराघराने पाहू. भामट्याची स्टेल्थ +९ आहे: चपळाई १८ चे ४ आणि प्रशिक्षणाचे ५. पहारेकऱ्याची पॅसिव्ह पर्सेप्शन (फासा न टाकता धरायचा आकडा) १४. भामटा दारातून दोन घरे मागे सरकून भिंतीआड जातो. आता तो नजरेबाहेर आहे, म्हणून त्या हालचालीच्या शेवटी फासा टाकायचा हक्क त्याला मिळाला. दान ७ पडले, बेरीज १६. चौदाच्या वर, लपला. पुढच्या पाळीला त्याला दारालगतच्या खोक्यांच्या रांगेमागून पुढे यायचे आहे. खोकी म्हणजे साधा आडोसा, पण आता तेवढा चालतो. दोन घरे सरकला तर जुने १६ कायम. नवा फासा नाही. तीन घरे सरकला की नवा फासा आणि −५, म्हणजे हातात +४ च उरले. पुन्हा १६ गाठायला १२ पडावे लागतात, ती संधी ४५ टक्के. धावला तर −१०. वाटेत खोक्यांच्या रांगेत एक घर मोकळे असेल आणि ते पहारेकऱ्याला दिसत असेल, तर फाशाचा प्रश्नच उरत नाही, तो उघडा पडला. कुजबुजीहून मोठा आवाज केला तरी तेच. शेवटी तो सुरी फेकतो: हल्ल्यावर +२, लागली तर २ फासे जास्त. हल्ला पुरता निकालात निघेपर्यंत तो लपलेलाच धरायचा, नंतर उघडा. 'हात उगारल्याबरोबर दिसला, मग +२ कसले?' असे म्हणणाऱ्या डीएमने हे वाक्य पुन्हा वाचावे. आणि 'सुरी फेकून त्याच हालचालीत परत लपतो' म्हणणाऱ्या भामट्याने त्यापुढचे. त्याच ॲक्शनमध्ये पुन्हा लपता येत नाही.

पहारेकरी हात बांधून उभा नसतो. आपल्या पाळीत मायनर ॲक्शन (छोटी कृती) खर्चून तो स्वतःहून शोध घेऊ शकतो. तेव्हा पॅसिव्ह आकडा बाजूला राहतो आणि त्याचा खरा फासा सोळाशी भिडतो. बहुतेक टेबलांवर डीएम हे विसरतो आणि मग भामटा फार बलवान आहे म्हणून कुरकुरतो.

आता पाचवी आवृत्ती. २०१४ मध्ये +२ गेले आणि ॲडव्हांटेज आले: वीस बाजूंचे दोन फासे टाका, मोठा घ्या. डिसॲडव्हांटेज असेल तर लहान घ्या. सोपे आहे, हाताला आवडते, आणि त्यामुळेच त्याचे मोल लोक नीट मोजत नाहीत. एका फाशाची सरासरी १०.५, मोठा घेतला की १३.८, लहान घेतला की ७.२. म्हणजे सरासरीने ३.३ गुणांचा फरक, पण तो सगळीकडे सारखा पडत नाही. ११ किंवा जास्त हवे असतील तर ५० टक्क्यांचे ७५ होतात, +५ मिळाल्यासारखे. १६ हवे असतील तर २५ चे ४३.७५. फक्त २० च हवे असतील तर ५ चे ९.७५, म्हणजे जेमतेम +१. मधल्या पट्ट्यात ॲडव्हांटेज भारी, टोकाला हलके. चौथ्या आवृत्तीचे +२ मात्र बहुतेक कुठेही दहाच टक्के देतात.

खेळाडू लपण्यासाठी एवढे का झगडतात तेही आकड्यांत बघण्यासारखे आहे. पाचव्या पातळीचा भामटा, चपळाईचे +४, शॉर्टबोचा बाण सरासरी ७.५ इजेचा, स्नीक अटॅकचे ३ फासे सरासरी १०.५. फाशावर ९ लागतात असे धरा, म्हणजे ६० टक्के. उघड्यावरून, एकटा, साधा बाण मारला तर पाळीमागे सरासरी ४.५ इजा (क्रिटिकलचा, म्हणजे जादा इजेच्या खास वाराचा, हिशेब सोडून). लपून मारला तर नेम ८४ टक्के आणि इजा १८. सरासरी १५ च्या वर. तिपटीहून जास्त! त्यामुळे 'लपला की नाही' या प्रश्नावर आवाज चढले तर नवल नाही.

मात्र चौकटीत नसलेली गोष्ट अशी की पाचव्या आवृत्तीत स्नीक अटॅकला लपणे हा एकमेव दरवाजा नाही. लक्ष्यापासून ५ फुटांच्या आत लक्ष्याचा दुसरा कोणी शत्रू शुद्धीत उभा असेल आणि भामट्याला डिसॲडव्हांटेज नसेल, तर लपायची गरजच नाही. बऱ्याच टेबलांवर भामटा खांबामागे तीन पाळ्या लपाछपी खेळत बसतो, आणि त्याचा साथीदार तेवढा वेळ शत्रूच्या छातीला छाती लावून उभा असतो. हत्यार मात्र फिनेसचे (चपळाईने चालवता येणारे) किंवा दुरून मारायचे हवे, आणि एका पाळीत एकदाच.

२०१४ च्या पुस्तकात लपण्याचा मूळ नियम असा: जो तुम्हाला स्पष्ट पाहू शकतो त्याच्यापासून लपता येत नाही. लपणे ही एक पूर्ण ॲक्शन, म्हणजे पाळीतली मुख्य कृती. भामट्याला दुसऱ्या पातळीपासून ती बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या जादा छोट्या कृतीत) मिळते. हल्ला केला की तो लागो वा चुको, तुमची जागा कळली. इथे चौथ्या आवृत्तीसारखी घरे मोजणारी यंत्रणा नाही, बरेचसे डीएमच्या निवाड्यावर सोडले आहे, आणि वादाचे मूळ तेच. सगळ्यात जास्त भांडण होते ते आडोशातून बाहेर येऊन सुरी भोसकण्यावर. पुस्तक म्हणते, चकमकीत बहुतेक प्राणी चौफेर सावध असतात, म्हणून आडोशातून बाहेर पडून जवळ गेलात तर सहसा दिसता. शत्रूचे लक्ष दुसरीकडे असेल तर डीएम लपून राहू देऊ शकतो. म्हणजे आडोशाआडून डोके काढून बाण मारणाऱ्याला ॲडव्हांटेज मिळण्यात अडचण नाही. वीस फूट मोकळी फरशी ओलांडून खंजीर मारणाऱ्याला ते मागावे लागते. दोघांना एकच न्याय लावला की एकाचे नुकसान होते.

आणखी एक गंमत, जी नियम वाचून कळत नाही, खेळून कळते. एक ॲडव्हांटेज आणि एक डिसॲडव्हांटेज एकमेकांना खातात, आणि एका बाजूला कितीही साचले तरी हिशेब एकास एकच. दाट धुक्यात दोन धनुर्धारी ५०० फुटांवर उभे आहेत. लाँगबोचा सोयीचा पल्ला १५० फूट, त्यापुढे ६०० पर्यंत डिसॲडव्हांटेज. लक्ष्य दिसत नाही म्हणून आणखी एक डिसॲडव्हांटेज. पण लक्ष्यालाही तुम्ही दिसत नाही, म्हणून एक ॲडव्हांटेज. ते एकटे दोघांना गिळते आणि बाण साध्या फाशाने सुटतो. स्वच्छ उन्हात तोच बाण डिसॲडव्हांटेजने सुटला असता! अक्षराला धरून चालायचे तर हे असेच आहे. आमचे मत असे की दोघेही आंधळे असतील तर ॲडव्हांटेज कोणालाच देऊ नये. आंधळ्याला समोरच्या आंधळेपणाचा उपयोग करता येत नाही. पण हा घरचा नियम झाला, आणि तो चकमक पेटायच्या आधी टेबलावर सांगितलेला असावा.

२०२४ च्या सुधारणेने निवाडा कमी करून आकडे आणले. आता लपायला दाट धूसरपणा, पाऊण आडोसा किंवा पूर्ण आडोसा हवा, कोणत्याही शत्रूच्या नजरेच्या रेषेत नसायला हवे, आणि स्टेल्थ किमान १५ आली पाहिजे. जमले की 'इन्व्हिजिबल' ही अवस्था मिळते. तुमची जी बेरीज आली, तोच तुम्हाला शोधणाऱ्याच्या पर्सेप्शनचा आकडा. कुजबुजीहून मोठा आवाज, हल्ल्याचा फासा, तोंडाने म्हणायचा मंत्र किंवा शत्रूने शोधून काढणे, यांपैकी काहीही झाले की अवस्था संपली. पंधराचा उंबरठा चांगला आहे. पहारेकरी कितीही ढिम्म असला तरी ८ च्या बेरजेने कोणी लपत नाही. पण अवस्थेला 'अदृश्य' हे नाव देणे ही चूक वाटते. भिंतीमागे लपून इन्व्हिजिबल झालेला भामटा नंतर मशालींनी उजळलेल्या दालनाच्या मधोमध चालत आला, तर तो अजून अदृश्य आहे का? संपण्याच्या यादीत 'उघड्यावर आला' असे शब्द नाहीत, त्यामुळे काही खेळाडू हो म्हणतात. पण त्याच यादीत 'शत्रूने शोधून काढणे' आहे, आणि डोळ्यांसमोर उभ्या असलेल्याला शोधून काढायला फासा लागत नाही. असा अर्थ घेतला तर नियम चालतो. डीएमने तो पहिल्या दिवशीच सांगावा, भामटा दालनात शिरल्यावर नव्हे.

अचानक हल्ल्याचेही २०२४ मध्ये बदलले. २०१४ मध्ये गाफील सापडलेल्याला पहिल्या पाळीत हालचाल नाही, ॲक्शन नाही, आणि ती पाळी संपेपर्यंत रिॲक्शन (दुसऱ्याच्या कृतीला प्रत्युत्तर) नाही. २०२४ मध्ये त्याला इनिशिएटिव्हवर (पाळ्यांचा क्रम ठरवणाऱ्या फाशावर) फक्त डिसॲडव्हांटेज. दोन्हींत वेगळी 'सरप्राइज राउंड' नाही. ती तिसऱ्या आणि चौथ्या आवृत्तीची. आणि २०१४ मध्येही गाफील सापडला म्हणून त्याच्यावर आपोआप ॲडव्हांटेज मिळत नाही. ते तुम्ही त्याला दिसत नसल्यामुळे मिळते. चाहूल न देता अंगणात येऊन मग आरोळी ठोकत घुसलेल्या योद्ध्याला मोकळी पाळी मिळेल, दोन फासे मिळणार नाहीत.

पाथफाइंडर या वेगळ्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीचा उल्लेख चौकटीत नव्हता, तो असायला हवा होता, कारण वर मांडलेले तीन प्रश्न तिथे सर्वांत नेटके वेगळे केले आहेत. चार पायऱ्या: दिसतो आहे, लपलेला, ठावठिकाणा नसलेला, आणि असल्याची शंकाही नसलेला. 'लपलेला' म्हणजे कोणत्या घरात आहे ते ठाऊक, पण दिसत नाही. त्याच्यावर वार करायचा तर आधी कोरा (बोनस न मिळवता) फासा टाकून ११ किंवा जास्त आणायचे, नाहीतर वार हवेत. ठावठिकाणा नसेल तर आधी घर ओळखायचे, मग तोच ११ चा अडथळा. सारे गाफीलपण एका −२ मध्ये, आणि तेही संरक्षणाच्या आकड्यातून वजा. दोन म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण या खेळात लक्ष्याच्या आकड्याहून १० किंवा जास्त वर गेलात की क्रिटिकल, त्यामुळे तेच दोन गुण बहुतेकदा नेमही वाढवतात आणि क्रिटिकलही. दबकत सरकायचे तर निम्म्या वेगाने, आणि सरकणे संपेल तिथे पुन्हा आडोसा हवा. फासा खेळाडू नाही, खेळ चालवणारा टाकतो, पडद्यामागे. स्वतःचे दान ३ पडलेले दिसले की कोणीही पुढे जात नाही; गुप्त फाशाने ही पंचाईत टळते.

आता सगळ्या खेळांना लागू असलेली एक चूक, जिच्यामुळे लपण्याचे बेत फाशाच्या पहिल्याच फेरीत कोसळतात. चौघांचा चमू दबकत चालला आहे, प्रत्येकाची संधी ७० टक्के. प्रत्येकाने टाकायचे आणि एक चुकला तर सगळे उघडे, असा नियम लावला तर यश फक्त २४ टक्के. उलट बाजूने सहा पहारेकऱ्यांसाठी डीएम सहा फासे टाकू लागला तर त्यांतल्या सर्वांत मोठ्या आकड्याची सरासरी साडेसतराच्या वर जाते. प्रत्येकाची दिसण्याची संधी ३० टक्के असली तरी कोणीतरी पाहील ही संधी ८८ टक्के. मग खेळाडू म्हणतात, लपून उपयोग नाही, दार तोडा. उपाय पुस्तकातच आहेत. पाहणाऱ्यांनी पॅसिव्ह आकडा वापरावा, १० अधिक बोनस, फासा नाही. जो स्वतःहून शोधतो त्यानेच टाकावा. आणि चमूची सामूहिक तपासणी घ्यावी: निम्मे यशस्वी तर सगळे यशस्वी. वरच्याच चौघांची संधी मग २४ वरून जवळपास ९२ टक्के होते. चिलखताचा खडखडाट करणारा एकजण चुकतो, भामटा त्याला सांभाळून नेतो. यातला आकडा मनाजोगता वाटत नसेल तर दोन टोकांच्या मधे काहीतरी ठरवा, पण ठरवून खेळा.

चिलखताचे निघाले म्हणून: २०१४ च्या यादीत पॅडेड, स्केल, हाफ प्लेट, रिंग, चेन मेल, स्प्लिंट आणि प्लेट यांना स्टेल्थवर डिसॲडव्हांटेज आहे; ब्रेस्टप्लेटला नाही. चपळाईचा बोनस शून्य असलेल्या प्लेटवाल्याला १२ पॅसिव्हच्या पहारेकऱ्यासमोर साधी संधी ४५ टक्के असती, डिसॲडव्हांटेजने ती २० वर येते.

उजेडाकडे तर कोणी बघतच नाही. मशाल २० फूट लख्ख आणि पुढचे २० फूट अंधुक उजळते. मशाल धरलेल्या मानवी पहारेकऱ्याला ४० फुटांपलीकडे काही दिसत नाही, तुम्हाला मात्र तो मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो. अंधुक उजेडात डोळ्यांनी पाहण्यावर डिसॲडव्हांटेज, आणि पॅसिव्ह आकड्यावर त्याचा अर्थ −५: बाराचे सात. डार्कव्हिजन असलेला प्राणी किर्र अंधारात पाहतो खरा, पण अंधुक उजेडासारखा, म्हणजे त्याचेही −५ आहेच. हे पाच गुण जवळपास प्रत्येक टेबलावर गाळले जातात. उलट चूकही होते: अंधुक उजेड असला म्हणून लपता येते असे नाही. २०१४ च्या नियमांत हलक्या धूसरपणात लपायची परवानगी वुड एल्फ या जमातीला (तीही निसर्गातल्या धुक्या-पावसापुरती), किंवा स्कल्कर हे फीट (खास कसब) घेतलेल्याला. बाकीच्यांना खरा आडोसा शोधावा लागतो.

टेबलावर करायचे काम फार नाही. खेळ सुरू व्हायच्या आधी डीएमने प्रत्येक शत्रूची पॅसिव्ह पर्सेप्शन एका चिठ्ठीवर लिहून पडद्याला डकवावी. खेळाडू 'मी लपतो' म्हणाला की फासा उचलण्याआधी एकच विचारायचे: कशाच्या आड, आणि कोणापासून? लपणे शत्रूगणिक वेगळे असते. दारातल्या पहारेकऱ्यापासून लपलेला भामटा सज्जातल्या धनुर्धाऱ्याला उघडा दिसत असू शकतो. उत्तर पटले तरच फासा. आलेली बेरीज कागदाच्या कपट्यावर लिहून सोंगटीखाली सरकवायची, किंवा वीस बाजूंचा फालतू फासा सोंगटीशेजारी ठेवायचा (बेरीज विसाच्या वर गेली की कपटाच बरा). तो आकडा हल्ला, आवाज, उघडे घर किंवा शोध यांपैकी काही होईपर्यंत बदलत नाही (चौथ्या आवृत्तीत दोन घरांहून जास्त सरकले तर मात्र नवा फासा). खेळाडूला बरा आकडा हवा म्हणून दर पाळीला नवा फासा मिळत नाही, तसेच डीएमला दर पाळीला सर्वांसाठी फुकटचे शोध मिळत नाहीत. लपलेल्याची सोंगटी पटावरच ठेवली तरी चालते, पण डीएमचे राक्षस तिच्याकडेच चालू लागले तर ती उचलून घ्यावी. डीएमही माणूसच, दिसलेले विसरणे त्याला जमत नाही.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या भागात चौकट पुन्हा छापावी आणि प्रत्येक नियमापुढे खेळाचे नाव, आवृत्ती आणि वर्ष लिहावे. चौथ्या आवृत्तीचा नियम देणार असाल तर पहिल्या छपाईतला देऊ नये, २००९ च्या पुस्तकातला द्यावा. +२ आणि दोन फासे हे दोन्ही एकाच ओळीत येऊ नयेत.

आपले,
काही नियमित वाचक आणि खेळ चालवणारे